सुगंध आणि स्वास्थ्य
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कोथरूड येथे दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात संसाराला उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर व्याख्यान व्हावे आणि त्याचा मजकूर स्मरणिकेच्या रूपाने घरोघरी पोहोचावा, हा आपल्या मंडळाचा परिपाठ स्तुत्य आहे. ह्या वर्षी कार्यकारी मंडळाने 'अरोमाथेरपी' हा विषय माझ्याकडे सोपविला. मराठीत त्याला आपण 'गंधोपचार' म्हणू. विषय सुचण्याचे कारण उघड आहे. आपल्या कोथरूडच्या बाजारपेठेत फिरताना गडद रंगाच्या लहान लहान बाटल्या दुकानोदुकानी मांडलेल्या दिसतात. कोणती बाटली झोप आणते, कोणती चिंता घालविते, कोणती स्मरणशक्ती वाढविते, असे त्यांच्या वेष्टनांवर छापलेले असते. परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी त्या भेट म्हणून पाठवितात. ज्येष्ठ मंडळी त्या कौतुकाने कपाटात ठेवतात आणि मग विचारतात, "ह्यात तथ्य किती?"

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम थोडक्यात सांगतो आणि मग त्याचे विवेचन करतो. सुगंधाने मनाला स्वस्थता लाभते आणि ती स्वस्थता खरी असते; तिला भ्रम समजून हसण्याचे कारण नाही. परंतु बरे वाटणे आणि बरे होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीसाठी सुगंधाचा आश्रय अवश्य घ्यावा. दुसऱ्या गोष्टीसाठी वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. हा भेद जे घर पाळते त्या घरात सुगंध सुख देतो. जे पाळत नाही त्या घरात कधी पैसा व्यर्थ जातो, तर कधी मोलाचा वेळ हातचा निघून जातो.

गंधोपचार हे नाव फार जुने नाही. रने-मोरीस गात्तफोसे नावाचे एक फ्रेंच रसायनज्ञ होते. सुगंधी द्रव्ये तयार करण्याचा त्यांचा घरचा व्यवसाय होता. 1910 मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात ते भाजले आणि जखमा चिघळू लागल्या, तेव्हा त्यांनी लॅव्हेंडरच्या तेलाचा उपयोग केला. ह्या अनुभवाने त्यांचे लक्ष सुगंधी तेलांच्या औषधी गुणांकडे वळले. 1937 मध्ये त्यांनी ह्या विषयावर ग्रंथ लिहिला व त्याला 'अरोमाथेरपी' हे नाव दिले. पुढे झां वाल्ने ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी 1964 मध्ये ह्याच विषयावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हे नाव युरोपभर पसरले. तेथून ते आता आपल्या गल्लीपर्यंत आले आहे.

नाव परदेशी असले तरी सुगंधाचे शास्त्र आपल्याला परके नाही. चौसष्ट कलांत 'गंधयुक्ति', म्हणजे सुगंधी द्रव्यांची योग्य जुळणी, ही एक कला गणलेली आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त ह्या कलेला एक अध्याय दिला आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार चार द्रव्ये निवडून किती मिश्रणे करता येतील ह्याचे गणितही त्याने मांडले असून, त्याचे उत्तर 1820 असे अचूक दिलेले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने 'मानसोल्लास' ग्रंथात स्नान, विलेपन, धूप व तांबूल ह्यांच्या सुगंधी सिद्धतेचे सविस्तर वर्णन केले आहे.

ह्याच परंपरेतील एक धागा तर आपल्या शेजारीच सापडला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. कोथरूडपासून जवळच, विधी महाविद्यालय रस्त्यावर, 1917 मध्ये स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. तेथील हस्तलिखितांचे व्यवस्थापन दीर्घकाळ पाहणारे विद्वान परशुराम कृष्ण गोडे (1891–1961) ह्यांनी गंगाधरकृत 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' ह्या दोन दुर्मिळ ग्रंथांची ओळख 1945 मध्ये विद्वज्जगतास करून दिली. विशेष अभिमानाची गोष्ट अशी की, 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. ही रचना सुमारे 1350 ते 1550 ह्या दरम्यानची असावी, असे गोडे ह्यांनी ठरविले. पुढे 1989 मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने हे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. म्हणजे अत्तरे कशी करावीत, हे मराठी भाषेत समजावून सांगणारा कोणी जाणकार पाचसहाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव आपणांस माहीत नाही, पण त्याचे काम शिल्लक आहे.

'गंधसारा'त द्रव्यांवर करावयाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. द्रव्यांची वर्गवारीही आहे : पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळे, झाडांचे डिंक व राळ, आणि प्राण्यांपासून मिळणारी कस्तुरीसारखी द्रव्ये. ह्या ग्रंथांतून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, येथे प्रत्येक मिश्रणाला प्रमाण आहे. कोणते द्रव्य किती भाग घ्यावे ह्याला महत्त्व आहे. दुसरी ही की, ह्या शास्त्राचा रोख मुख्यतः देवपूजा, स्नान, वस्त्रे, मुखवास आणि मनाची प्रसन्नता ह्यांकडे आहे. रोगनिवारणासाठी आपल्या पूर्वजांनी वैद्यकाचे ग्रंथ निराळे रचले होते. त्या ग्रंथांतही धुरी आणि लेप आहेत हे खरे. परंतु तेथे रोग्याची परीक्षा आधी आणि उपाय नंतर, असा क्रम आहे. आज मात्र बाटलीवरचा मजकूर वाचून रोगी आपला उपाय स्वतःच ठरवितो.

आता सुगंधी तेल म्हणजे काय ते पाहू. तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल बशीत ठेवले तर महिन्यानेही बशीतच राहते. वनस्पतींची सुगंधी तेले मात्र उघडी ठेवली की उडून जातात. म्हणून त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. भट्टीवर पाण्याच्या वाफेबरोबर ती काढतात आणि वाफ थंड केली की तेल पाण्यापासून वेगळे होते. कनौजचे अत्तरवाले डेग आणि भपका ह्या तांब्याच्या भांड्यांनी हेच करीत आले आहेत. एक किलो गुलाबाचे तेल निघण्यास सुमारे तीन ते चार टन पाकळ्या लागतात. एका तेलात अनेक रासायनिक घटक असतात. गवती चहाच्या वासाचे मुख्य द्रव्य सिट्रल, ओव्याचे थायमॉल, लवंगेचे युजेनॉल, तर चंदनाचे सँटॅलॉल. वेताळ टेकडीच्या पलीकडे पाषाणला 1950 मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे डॉ. सुखदेव ह्यांनी 1960 नंतरच्या दीड दशकात टर्पीन वर्गातील अशा वनस्पतिज द्रव्यांच्या रचनेवर जे संशोधन केले, ते जगात मान्यता पावले. टेकडीच्या एका अंगास जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास झाला आणि दुसऱ्या अंगास त्याच वनस्पतींच्या रेणूंचा, हा योग आपल्या परिसराला भूषणावह आहे.

हे रेणू श्वासाबरोबर नाकाच्या वरच्या भागात पोहोचतात. तेथे वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक मनुष्यात असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल ह्यांनी ह्या ग्राहकांच्या जनुकांचा शोध 1991 मध्ये प्रसिद्ध केला व 2004 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी व श्रवण ह्यांचे संदेश मेंदूतील एका मधल्या स्थानकावरून पुढे जातात; वासाचा संदेश मात्र तेथे न थांबता भावना व स्मृती ह्यांच्याशी निगडित असलेल्या भागांकडे फार जवळच्या वाटेने जातो. बकुळीच्या वाळलेल्या फुलांनी आजीची पेटी आठवावी, उटण्याच्या वासाने नरकचतुर्दशीची पहाट उभी राहावी, ह्याचे कारण हे आहे. ज्या वासाशी सुखाची आठवण जोडलेली असते तो वास मनाला शांत करतो. त्यामुळे फ्रान्समधील माणसाला लॅव्हेंडरने जे वाटेल, ते कदाचित आपल्या आईला मोगऱ्याने अधिक वाटेल.

मग प्रयोगांनी काय सिद्ध झाले आहे? लॅव्हेंडरच्या वासाने शस्त्रक्रियेपूर्वीची भीती काही रुग्णांत कमी झाल्याचे लहान लहान अभ्यासांत दिसले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीविषयी 2018 मध्ये सर्व उपलब्ध अभ्यासांचे परीक्षण झाले. मळमळीच्या तीव्रतेत गंधोपचाराने विशेष फरक पडल्याचे दिसले नाही. उलटी थांबविणारे औषध मात्र कमी रुग्णांना लागले, परंतु तो पुरावाही दुबळा ठरला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांविषयी 2020 मध्ये असेच परीक्षण झाले, त्यातूनही निश्चित लाभ दाखविता आला नाही. ह्या प्रयोगांत एक मूळची अडचण आहे. गोळीची परीक्षा करताना खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हे रुग्णापासून लपविता येते; वास कसा लपविणार? त्यामुळे गुण तेलाचा, की कोणी आपली काळजी घेतो आहे ह्या भावनेचा, हे वेगळे काढणे कठीण पडते. कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर ती भावनाही लहान नाही. वृद्ध सासूबाईंच्या हातापायांना सून दहा मिनिटे तेल चोळते, तेव्हा त्या स्पर्शाचा वाटा सुगंधाहून कमी नसतो.

बरे वाटणे आणि बरे होणे ह्यांतील अंतर पुदिन्याच्या अर्काने उत्तम समजते. सर्दीत नाक चोंदले असता मेंथॉल हुंगले की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. वास्तविक नाकाची वाट पूर्वीइतकीच अरुंद असते. मेंथॉलने थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना उद्दीपन मिळते आणि हवा अधिक येत असल्याचा भास होतो. साध्या सर्दीत हा भास सुखाचा आहे, रात्रीची झोप लागते. परंतु हाच भास घातकही ठरू शकतो. 2021 च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा कापूर, ओवा आणि लवंग ह्यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातील प्राणवायू वाढतो, असा मजकूर आपल्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर आला होता. तशा पुरचुंडीने प्राणवायू वाढत नाही. ज्याचा प्राणवायू खरोखरच उतरत होता, त्याच्यासाठी पुरचुंडी हुंगण्यात गेलेला प्रत्येक तास मोलाचा होता. तो मजकूर पाठविणाऱ्यांचा हेतू चांगला होता, ह्यात शंका नाही. म्हणूनच जाणकारांनी आपल्या घरात आणि आपल्या ज्ञातीत हा भेद स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

आता उपयोगाकडे वळू. घरी काय करावे? बहुतेक गोष्टी आपल्या परंपरेत आहेत आणि अल्पखर्चाच्या आहेत. माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी घालावी. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे गारवा आणि सुगंध दोन्ही मिळतात. सज्जातील कुंडीत गवती चहा, तुळस, मरवा लावावा. पाने चुरगळून हुंगण्याने थकवा जातो. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा दोन दिवस उशाशी ठेवून पाहावा. ओंजळभर मोगरा किंवा सोनचाफ्याची चार फुले पाण्याच्या वाटीत घालून आजाऱ्याच्या खोलीत ठेवावी. दिवाळीत बाजारचे उटणे आणण्याऐवजी नागरमोथा, वाळा, गहुला, कचोरा, आंबेहळद, चंदन आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या कुटून ते घरी करावे. आपल्या महिला शाखेने हे काम एकत्र बसून केले, तर कुटण्याबरोबर जुन्या जाणत्या बायकांचे ज्ञानही नव्या सुनांच्या हाती येईल.

ज्यांना बाटलीतले तेल वापरावयाचे असेल त्यांनी एक प्रमाण लक्षात ठेवावे. ते निखळ स्वरूपात त्वचेला लावू नये. एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल घ्यावे व त्यात सुगंधी तेलाचे एक किंवा दोन थेंब टाकावेत. एका थेंबाने सुमारे शेकडा एक व दोन थेंबांनी सुमारे शेकडा दोन असे प्रमाण होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली न आल्यास पुढे वापरावे. लिंबाच्या सालीचे काही प्रकारचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, हेही ध्यानात असावे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ही तेले पोटात घेऊ नयेत.

काही सावधगिरीच्या गोष्टी मी आग्रहाने सांगणार आहे, कारण त्या बालकांच्या जिवाशी निगडित आहेत. कापूर आणि निलगिरीचे तेल हे आपल्या घरातील नेहमीचे पदार्थ. परंतु त्यांचा अगदी थोडा अंश जरी लहान मुलाच्या पोटात गेला, तरी त्यास आकडी येऊ शकते. देवघरातील कापराची डबी रांगत्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नये. तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा छातीला कापूर, मेंथॉल वा निलगिरी असलेले मलम लावू नये. त्याने बाळाचा श्वास अडखळण्याचा धोका असतो. ज्यांना अपस्माराचा विकार आहे त्यांनीही ही दोन द्रव्ये टाळावीत. गरोदर स्त्रियांनी कोणतेही तेल वापरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

बाळ-बाळंतिणीला ओवा, वावडिंग, बाळंतशेपा ह्यांची धुरी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ती ज्या घरांत रुजली त्या घरांना परसू होते, उंच कौले होती, फटींतून वारा खेळत होता. आज आपण बंद खिडक्यांच्या सदनिकांत राहतो. तेथे धूर कोंडतो, त्यातील सूक्ष्म कण नवजात बालकाच्या कोवळ्या फुप्फुसांत जातात. आजीचे प्रेम कायम ठेवावे. धूर मात्र बाळाच्या खोलीतून बाहेर न्यावा. दम्याच्या रोग्याच्या बाबतीत उदबत्ती आणि धूप ह्यांविषयीही हेच म्हणावे लागेल. देवापुढे फूल वाहिले तरी सुगंध पोहोचतोच.

सुगंधाच्या व्यवहारात भेसळ जुनीच आहे. आपल्या खानदेशातील नंदुरबार, तळोदे, पिंपळनेर ह्या भागांतील रानांत रोशा गवत उगवते. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल काढून मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जात असे. त्यात जिरेनिऑल हे गुलाबात आढळणारे द्रव्य भरपूर असल्यामुळे तेथे ते गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. म्हणजे युरोपातील श्रीमंत घरांत गुलाब म्हणून हुंगले गेलेले काही थेंब खानदेशच्या गवताचे होते. आज तर प्रयोगशाळेत तयार केलेल्या सुवासांची भर त्यात पडली आहे. म्हणून गुलाबाचे किंवा चंदनाचे 'शुद्ध' तेल कोणी स्वस्तात देऊ करील, तर पाकळ्यांचा तो तीन-चार टनांचा हिशेब आठवावा. खरेदी करताना वनस्पतीचे पूर्ण नाव, तयार केल्याची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता पाहावा. रोग बरा करण्याची हमी दिलेली दिसली, तर ती बाटली परत ठेवावी.

शेवटी अशा एका उपयोगाविषयी सांगतो, जेथे वास केवळ सुखाचा साधन न राहता प्रत्यक्ष शिक्षण होतो. करोनाच्या काळात 2020 पासून अनेकांची वास घेण्याची शक्ती गेली. काहींची ती पूर्णपणे परतली नाही. वार्धक्यातही ती मंदावते. ज्याला वास येत नाही त्याला अन्न बेचव लागते, तो कमी जेवतो, त्याला नासके दूध कळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य मिसळतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला तोच वास आला नाही तर केवढा अनर्थ ओढवेल, हे सांगावयास नको. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉ. थॉमस हुम्मेल ह्यांच्या गटाने 2009 मध्ये एक साधा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी सुमारे दहा सेकंद, लक्ष देऊन हुंगावयाचे. बारा आठवड्यांनी अनेकांच्या घ्राणशक्तीत सुधारणा आढळली. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण खर्च अत्यल्प आणि अपाय नाही. ज्यांची ही शक्ती कारण नसता हळूहळू लोपते आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना अवश्य भेटावे. कंपवातासारख्या काही विकारांचे ते पूर्वचिन्ह असू शकते.

ह्यावरून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या ज्ञातीत एकटे राहणारे किंवा दोघेच असलेले वृद्ध पुष्कळ आहेत. युवक शाखेने महिन्यातून एकदा अशा घरी जावे. लवंग, लिंबाची साल, गुलाबपाकळ्या आणि निलगिरीचे एक पान एवढे साहित्य बरोबर न्यावे. डोळे मिटवून एकेक वास ओळखावयास सांगावे. ज्यांना ओळखता येणार नाही त्यांच्या घरी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसविण्याची व्यवस्था करावी आणि त्यांना हा अभ्यासक्रम समजावून द्यावा. लवंगेचा वास आला की आजोबा आपल्या आईच्या हातच्या मसालेभाताविषयी बोलू लागतील. ते ऐकावयास समोर कोणी बसलेले असणे, हा ह्या उपक्रमाचा दुसरा लाभ होय.